चूकभूल द्यावी घ्यावी

व्यापाऱ्याच्या बिलाच्या तळाशी, सहीच्या जागेजवळ, बारीक टाइपात ‘ई. अँड ओ. ई.’ अशी अक्षरे छापलेली असतात. खुलताबादच्या पेठेपासून मुंबईच्या मशीद बंदरापर्यंत ती सर्वत्र आढळतात. छापखान्याने जुन्या बिलबुकावरून नवे बिलबुक जुळवले, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. त्यांचा अर्थ विचारला, तर गल्ल्यावरचा तरुण बहुधा सांगतो, ‘एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड, म्हणजे चुका मान्य.’ घोटाळा नेमका येथेच होतो. इंग्रजीत जवळजवळ एकाच उच्चाराचे दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ ‘स्वीकारलेले’, दुसऱ्याचा ‘वगळलेले’. बिलावर दुसरा शब्द अभिप्रेत आहे. चुका आणि राहून गेलेल्या बाबी वगळता हा हिशेब बरोबर आहे, आणि पुढे चूक आढळल्यास ती दुरुस्त करण्याचा हक्क बिल देणाऱ्याने राखून ठेवला आहे, असा त्या अक्षरांचा आशय.

जुन्या पेढ्यांवर याच जागी मारवाडी मुनीम ‘भूलचूक लेनी देनी’ असे लिहीत आणि मराठी कारकून ‘चूकभूल द्यावी घ्यावी’. दोन्ही पाठांतील फरक लहान दिसतो, पण व्यापाराच्या नीतीच्या दृष्टीने तो लक्षात घेण्याजोगा आहे. इंग्रजी अक्षरे बिल देणाऱ्याचे संरक्षण करतात. देशी शब्द दोघांनाही बांधतात. जास्त घेतले असेल तर परत द्यावे, कमी घेतले असेल तर मागून घ्यावे. व्यवहारात चूक होणारच, हे गृहीत धरून ती दोन्ही बाजूंनी निस्तरण्याची ही रीत होती. इंग्रजीच्या चुकांकडे पाहतानाही हीच रीत उपयोगी पडते. कोणती चूक सोडून द्यावी आणि कोणती वेळीच पकडावी, याचा विवेक मात्र हवा.

नावात रुजलेली चूक

खुलताबादहून घाट उतरले की चार-पाच किलोमीटरवर वेरूळ आहे. तेथील ३४ लेण्यांपैकी ३० ते ३४ क्रमांकाची लेणी जैन. त्यांतील ३२ व्या लेण्याला सगळे ‘इंद्रसभा’ म्हणतात. वस्तुतः तेथे इंद्राची सभा नाही. हत्तीवर आरूढ झालेल्या यक्षाची भव्य मूर्ती पाहून कुणीतरी त्याला इंद्र समजले. मग आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेली यक्षी अंबिका आपोआप इंद्राणी ठरली. अभ्यासकांनी ही चूक केव्हाच दाखवून दिली. तरीही फलकांवर, पुस्तकांत आणि मार्गदर्शकांच्या तोंडी नाव तेच राहिले. वेरूळचे ‘एलोरा’ झाले, तेही असेच रूढ झाले. १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत ही लेणी त्याच नावाने नोंदली गेली.

या चुकीने कोणाचे काय बिघडले? दर्शनाला आलेल्या श्रावकाला तीर्थंकर ओळखता येतात, त्याला नावाची अडचण होत नाही. भाषांच्या इतिहासात अशा चुका पदोपदी सापडतात. इंग्रजीत वडाच्या झाडाला ‘बन्यन’ म्हणतात. युरोपीय प्रवाशांनी हिंदुस्थानी वाणी व्यापारी त्या झाडाखाली बसून व्यवहार करताना पाहिले आणि वाण्यांचे झाड म्हणून त्याला तेच नाव दिले. झाडाचा आणि जातीचा काही संबंध नव्हता, तरीही आज जगभरच्या इंग्रजी शब्दकोशांत वाणी वडाच्या रूपाने उभा आहे. मराठीतील मुंगूस इंग्रजीत गेला आणि ‘मंगूज’ झाला. इंग्रजांनी देशी शब्दांची अशी मोडतोड केली, तेव्हा त्यांना कोणी हसले नाही. खुलताबादच्या दुकानदाराने इंग्रजी शब्दाची मोडतोड केली, तर मात्र हसू येते.

सोडून द्याव्यात अशा चुका

‘कझिन ब्रदर’ हा शब्दप्रयोग इंग्रजीच्या शिक्षकांना खुपतो. नियमाने तो चूकच आहे. पण मराठी माणसाजवळ चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ आणि मावसभाऊ असे चार शब्द असताना इंग्रजी त्याच्या हाती एकच कोरडा शब्द ठेवते. त्यातून तर भाऊ आहे की बहीण, हेही कळत नाही. तेव्हा तो आपल्या पदरचा ‘ब्रदर’ जोडतो. एकत्र कुटुंबाची सवय व्याकरणावर मात करते, इतकाच याचा अर्थ. ‘व्हॉट इज युवर गुड नेम’ यातील ‘गुड’ हे ‘शुभ नाव’ या आदराचे भाषांतर आहे. काम अलीकडे आणणे या अर्थी ‘प्रीपोन’ हा शब्द याच देशात रूढ झाला आणि आज ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही तो आहे.

काही चुका केवळ गमतीच्या. निमंत्रणपत्रिकेवरील ‘आर. एस. व्ही. पी.’ ही फ्रेंच शब्दांची आद्याक्षरे आहेत आणि ‘कृपया’ त्यांत आधीच आलेले आहे. त्यामुळे त्यांच्यापुढे ‘प्लीज’ छापले, तर विनंती दुहेरी होते. शोकसंदेशात ‘सॅड डिमाइज’ लिहितात, जणू निधनाचा दुसरा एखादा प्रकार असतो. वह्या-पेन्सिली विकणाऱ्या दुकानाच्या पाटीवर ‘स्टेशनरी’ या शब्दात ‘ई’ऐवजी ‘ए’ पडला, तर त्याचा अर्थ ‘एका जागी स्थिर असलेले’ असा होतो. दुकान स्थिरच असते, त्यामुळे त्यालाही फारसा बाध येत नाही. वेरूळच्या पायथ्याशी परदेशी पर्यटकाला ‘सी फ्री, बाय लेटर’ म्हणणाऱ्या विक्रेत्याचे इंग्रजी कोणत्याही परीक्षेत उत्तीर्ण होणार नाही. पण त्याचा अर्थ पर्यटकाला पुरता कळतो आणि मालही खपतो. भाषेचे पहिले काम तेथे पूर्ण झालेले असते.

वेळीच पकडाव्यात अशा चुका

दुसऱ्या प्रकारच्या चुकांवर कोणी हसत नाही, कारण त्या कोणाच्या लक्षातच येत नाहीत. त्या बोलताना होत नाहीत, वाचताना होतात. त्यांची किंमत मात्र रुपयांत मोजावी लागते.

मराठीत ‘उसने देणे’ आणि ‘उसने घेणे’ यांत ‘उसने’ हा शब्द समान आहे. इंग्रजीत मात्र देण्यासाठी ‘लेंड’ आणि घेण्यासाठी ‘बॉरो’ अशी दोन निराळी क्रियापदे आहेत. पत्रव्यवहारात त्यांची अदलाबदल झाली, की सावकाराचा ऋणको होतो आणि वाद उद्भवल्यास तोच कागद आपल्या धन्याविरुद्ध बोलू लागतो. एक मिलियन म्हणजे १० लाख आणि एक बिलियन म्हणजे १०० कोटी, हे ठाऊक नसलेला निर्यातदार दर सांगताना शून्यांत अडकतो. ०३/०४ ही तारीख येथे ३ एप्रिल असते आणि अमेरिकेतील ग्राहकासाठी ४ मार्च. माल पाठवण्याची मुदत लिहिताना महिना अक्षरांत लिहिला, की हा गोंधळ मिटतो.

याहून फसवा शब्द ‘फ्लॅट’. ‘१२ टक्के फ्लॅट’ हे ऐकायला सोपे वाटते. एक लाख रुपयांचे कर्ज एका वर्षासाठी या दराने घेतले, तर व्याज १२ हजार रुपये आणि मासिक हप्ता सुमारे ९,३३३ रुपये होतो. पण मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण लाखावरच आकारलेले असते. घटत्या शिलकेवर हिशेब केला, तर तोच दर वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. रोजमेळात चार आण्यांचा फरक शोधण्यासाठी रात्री जागणाऱ्या घराण्यांतही हा फरक नजरेआड होतो. हिशेब कच्चा असतो असे नाही, एका परक्या शब्दापुढे तो सुरूच होत नाही.

आणि सर्वांत महाग पडणारा शब्द आहे ‘फॉर्मॅलिटी’. भाचा किंवा पुतण्या सायंकाळी दुकानात येतो, पाया पडतो आणि म्हणतो, “काका, फक्त एक सही हवी, फॉर्मॅलिटी आहे.” काकांना वाटते, साक्षीदार म्हणून सही मागत आहेत. कागदावर मात्र ‘गॅरंटर’ असते, म्हणजे जामीनदार. साक्षीदाराने केवळ पाहिलेले असते. जामीनदाराने स्वतःला बांधून घेतलेले असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. त्याच कागदात पुढे ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असे शब्द असतात. ‘सेव्हरल’ म्हणजे ‘अनेक’ असे शाळेत शिकवलेले असल्याने वाचणारा पुढे सरकतो. कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ ‘प्रत्येकी स्वतंत्रपणे’ असा आहे. चौघांनी सही केली म्हणून वाटा चौथाई होत नाही. धनको चौघांपैकी कोणा एकाकडूनही संपूर्ण रक्कम मागू शकतो.

‘कंटिन्युइंग गॅरंटी’ हे शब्द असतील, तर ती हमी एका कर्जापुरती राहत नाही, त्या ऋणकोच्या पुढील व्यवहारांनाही लागू राहते. कलम १३० प्रमाणे धनकोला सूचना देऊन भविष्यातील व्यवहारांपुरती अशी हमी मागे घेता येते. ही वाट अनेकांना ठाऊक नसते. भाच्याचा धंदा बुडतो, काकांच्या नावाने नोटीस येते आणि तीस-चाळीस वर्षांचे नाते एका सायंकाळी तुटते. त्या घरांत दिवाळीचे येणेजाणे थांबते, मुलांच्या लग्नात कोण कोणाला बोलावणार याची चर्चा सुरू होते. मूळ कारण शोधू गेले, तर ते बरेचदा न विचारलेल्या एका शब्दाशी येऊन थांबते.

विचारण्याचा हक्क मात्र आता कागदावर पक्का आहे. किरकोळ ग्राहकांसाठीचे छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक अशा तीन भाषांत उपलब्ध ठेवावे, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांसाठी आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ म्हणजे मुख्य बाबींचे पत्रक देणे आवश्यक झाले आहे. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, त्याला समजावून सांगावे आणि समजल्याची पोच घ्यावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. सर्व आकार धरून वर्षाला एकूण किती टक्के पडतात, हा आकडाही त्यात द्यावा लागतो. सात दिवस वा अधिक मुदतीच्या कर्जासाठी ते पत्रक किमान तीन कामकाजाच्या दिवसांपर्यंत ग्राह्य धरावे लागते. तेवढ्या अवधीत कागद घरी आणून जाणत्या माणसाला दाखवता येतो. ‘आत्ताच सही करा’ या आग्रहाला हे उत्तर पुरेसे आहे.

कचेरीची भाषा आणि घराची भाषा

परक्या भाषेतील कागदाचा अनुभव खुलताबादला नवा नाही. निजामी राजवटीत कचेरीची भाषा उर्दू होती. तालुक्याचा व्यापारी घरी मारवाडी वा मराठी बोले, वह्या आपल्या लिपीत लिही आणि कचेरीचा कागद वाचून घेण्यासाठी अर्जनवीसाकडे जाई. त्या काळच्या आणि त्याआधीच्या फार्सी वहिवाटीने दिलेले जमा, खर्च, बाकी, वसूल, जामीन, दस्तऐवज, दलाल हे शब्द आज कोणालाच परके वाटत नाहीत. व्यापाऱ्याने ते पचवले, कारण त्यांचा अर्थ त्याने आधी नीट समजून घेतला होता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ती राजवट गेली आणि पुढे १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी राज्यकारभाराची भाषा झाली. तरी कर्जाचा, विम्याचा आणि कराराचा कागद बव्हंशी इंग्रजीतच राहिला. अर्जनवीस मात्र नाहीसा झाला. त्याच्या जागी ‘येथे सही करा’ असे सांगणारी पेन्सिलीची फुली आली.

दुकानांच्या पाट्यांचा प्रश्न याच अनुषंगाने पाहावा. राज्याने २०२२ मध्ये दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती करून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतील मराठी पाटी सक्तीची केली, आणि मराठी अक्षरे इतर लिपीहून लहान नसावीत असे ठरवले. काही व्यापाऱ्यांना तो खर्चाचा बोजा वाटला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. कायद्याने करावे लागले, याचाच खेद व्हावा. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या चरणांपाशी हाच विचार शतकानुशतके शिळेवर कोरलेला आहे. तेथील लेख कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत आहेत, आणि त्यांतील मराठी लेखाची गणना मराठीच्या अतिप्राचीन शिलालेखांत होते. मराठी मुलखापासून दूर, कर्नाटकाच्या टेकडीवर, येणाऱ्या यात्रेकरूला त्याच्या भाषेत वाचता यावे, ही काळजी त्या काळी घेतली गेली. खुलताबादमधील पाटी मराठीत लावणे हे त्याच परंपरेचे सोपे पालन आहे. तिच्याशेजारी इंग्रजी अक्षरे असायला कोणाचीच हरकत नाही.

चूक दाखवण्याची रीत

आता उरते ते घरातील इंग्रजी. इंग्रजी माध्यमात शिकणारा नातू आजोबांचा उच्चार गिऱ्हाइकासमोर सुधारतो. आजोबा हसून वेळ मारून नेतात आणि त्यानंतर दूरध्वनीवर इंग्रजी नाव घेण्याची वेळ आली, की उपकरण मुनिमाच्या हाती देतात. लहान गावातून शहरात दिलेली सून समारंभात गप्प बसते. घमंडी आहे, असा तिच्याबद्दल समज होतो, वस्तुतः ती केवळ चुकण्याला भीत असते. विवाहाच्या परिचयपत्रात ‘कॉन्व्हेंट एज्युकेटेड’ हवी असे लिहितात. कॉन्व्हेंट म्हणजे ख्रिस्ती जोगिणींचा मठ, हे लिहिणाऱ्याच्या गावीही नसते. उलट, त्याच नातवाला ‘एकोणऐंशी’ म्हणजे किती, हे इंग्रजीत विचारावे लागते. त्याची चूक कोणी चारचौघांत काढत नाही. २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा केला, परंतु शाळेने शिकवलेले टिकते ते घरात त्याची किंमत असेल तरच.

भाषेवरून माणसाची पायरी ठरवण्याचा हा खेळ जुना आहे. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोले, तर स्त्रिया आणि सेवक प्राकृत. भगवान महावीरांचा उपदेश लोकांना कळणाऱ्या अर्धमागधीतून झाला आणि आगमांची भाषा तीच राहिली. ज्या प्राकृताला विद्वानांच्या सभेत दुय्यम स्थान होते, त्याच प्राकृताला केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी, पाली, असमिया आणि बंगाली यांच्यासह अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. अडखळत बोललेल्या भाषेला हसणाऱ्याने एवढा इतिहास ध्यानात ठेवावा.

चूक दाखवूच नये, असा याचा अर्थ नव्हे. इंग्रजी यावी, उत्तम यावी, मुलींना विशेषेकरून यावी. व्यापार, न्यायालय आणि उच्च शिक्षण यांची दारे तिने उघडतात. पण भाषासमिती हे व्रत केवळ साधूंसाठी नाही. हितकर, मोजके आणि कटुतारहित बोलावे, हा तिचा आशय चूक सुधारणाऱ्यालाही लागू आहे. उच्चाराची चूक एकांतात सांगावी, किंवा सोडून द्यावी. कागदातील चूक मात्र मोठ्याने, सर्वांसमक्ष आणि सहीच्या आधी सांगावी. प्रत्यक्षात घडते ते नेमके उलट. उच्चाराला चारचौघांत हसू होते, आणि कागदापुढे सगळे गप्प राहतात. श्रावकाच्या सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा लेख करणे सांगितले आहे. न समजलेल्या कागदावर कोणाची सही घेणे हे त्याच्या फार दूर नाही, हे ‘फॉर्मॅलिटी’ म्हणणाऱ्या भाच्यानेही ओळखावे.

संवत्सरीला आणि क्षमावाणीला भ्रमणध्वनीवर इंग्रजी संदेशांचा पूर येतो. ‘इफ आय हॅव हर्ट यू’ अशी त्यांची सुरुवात असते, म्हणजे ‘जर दुखावले असेल तर’. ‘मिच्छामि दुक्कडं’ या दोन प्राकृत शब्दांत असा ‘जर’ नाही. माझे दुष्कृत्य मिथ्या होवो, असे तेथे सरळ म्हटले आहे. चूक झाली हे आधी मान्य आहे, मग क्षमेची याचना. भाषांतरात एक लहानसा शब्द शिरला आणि क्षमेला अट चिकटली.

यंदाच्या क्षमापनेपूर्वी प्रत्येक घराने एक काम अवश्य करावे. तिजोरीत किंवा कपाटाच्या वरच्या खणात एखादे जामीनपत्र, कर्जाचा करार वा विम्याचा कागद पडलेला असेल. तो बाहेर काढावा. नातवाने तो मोठ्याने वाचावा आणि प्रत्येक ओळीला आजोबांनी विचारावे, ‘म्हणजे काय?’ नातवाजवळ इंग्रजी आहे, आजोबांजवळ व्यवहार आहे. दोघांनाही अर्थ लागला नाही, त्या ओळीखाली रेघ ओढावी आणि दुसऱ्या दिवशी वकिलाकडे जावे.